रील बघून घेतलं आणि फसलात? इन्फ्लुएन्सरला रीतसर जाब कसा विचारायचा

खान्देशात आता पेपरातल्या जाहिरातीपेक्षा रीलवर लोकांचा भरवसा जास्त. सोन्याच्या दुकानाची भिशी, हायवेलगतचे प्लॉट, शुगर 'मुळापासून' घालवणारं चूर्ण, केळीवर मारायचं टॉनिक... सगळं अहिराणीत, हसतखेळत, ओळखीच्या चेहऱ्याकडून. वस्तू बोगस निघाली की आपण कमेंटमध्ये दोन शिव्या घालतो, समोरचा ब्लॉक करतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, आपलाच पोऱ्या शे." तिथेच प्रकरण मिटतं.

मिटवू नका. पैसे किंवा फुकट माल घेऊन ज्याने तुम्हाला वस्तू घ्यायला लावली, तो त्या व्यवहारापुरता धंदेवाईक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला तसंच धरतो. आयकर खात्यानेही त्याला कधीच धंद्यात मोजलंय. विवरणपत्रात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा स्वतंत्र कोड आहे. कंपनीने दिलेला फुकट मोबाइल त्याने ठेवून घेतला, तर वर्षाला २०,००० रुपयांपुढच्या अशा लाभांवर १० टक्के टीडीएस कापण्याची तरतूद जुलै २०२२ पासून लागू झाली. कर भरताना धंदा आणि तक्रार आली की 'मी तर फक्त माहिती दिली', असं दोन्हीकडून चालत नाही.

रावेर तालुक्यातल्या आमच्या काकांच्या केळीवर हरण्या आला, म्हणजे सीएमव्ही. हा विषाणूजन्य रोग. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि मावा ही कीड आटोक्यात ठेवायची, एवढाच उपाय. पण एक शेती चॅनलवाला छातीठोकपणे सांगत होता की ही बाटली ड्रिपमधून सोडा, आठ दिवसांत बाग हिरवीगार. काकांनी बाटल्या मागवल्या, बाग गेली. त्या तक्रारीचे सगळे कागद मी केले. पुढचे टप्पे त्या कामातून आणि नंतर गावातल्या इतरांना मदत करताना जमलेल्या माहितीतून लिहिलेत.

## १. आधी ठरवा: ती जाहिरात होती की नुसतं मत

सगळ्यांत आधी हे तपासा, कारण सगळी तक्रार यावर उभी राहते. एखाद्याने स्वतःच्या पैशाने वस्तू घेतली आणि 'मला आवडली' म्हणाला, तर ते त्याचं मत. ते चुकलं म्हणून त्याला कोर्टात खेचता येत नाही. पण कंपनीशी त्याचा काही लागाबांधा असेल आणि तो त्याने लपवला असेल, तर चित्र पालटतं.

लागाबांधा म्हणजे फक्त रोख पैसे नव्हेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ ला इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. त्यांनुसार फुकट वस्तू, सवलत, बक्षीस, फुकट ट्रिप, कंपनीत भागीदारी, नोकरी, इतकंच काय घरचं नातंही यात येतं. मेव्हण्याच्या दुकानाची साडी 'सहज आवडली' म्हणून दाखवली, तरी नातं सांगावं लागतं.

दुसरं, दावा काय केला ते शब्दशः लिहून काढा. 'छान आहे' हा दावा नाही. 'आठ दिवसांत बरा', 'शंभर टक्के रिझल्ट', 'महिन्याला दहा टक्के पक्का परतावा', 'सरकारमान्य' हे दावे आहेत. खोटं वर्णन, खोटी हमी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं, यातलं काहीही असलं तरी कायद्याच्या भाषेत ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते.

जाताजाता एक सांगतो. पैसे न घेता एखाद्या कंपनीच्या मालावर टीका करणारे, लॅब रिपोर्ट दाखवणारे काही यूट्यूबर असतात. त्यांच्यावर कंपन्याच नोटिसा सोडतात. अशांना याच काठीने झोडपायला जाऊ नका.

## २. पुरावा आजच्या आज जमवा

रागाच्या भरात लोक पहिल्यांदा रील रिपोर्ट करतात किंवा चॅनलवाल्याला फोन लावतात. दोन्हीचा परिणाम एकच, रील गायब. तुमच्या हातात काही उरत नाही. आधी पुरावा, मग बाकी सगळं.

स्क्रीनशॉट पुरेसा नाही, स्क्रीन रेकॉर्डिंग करा. आम्ही असं केलं: फोनवरची तारीख-वेळ दिसेल अशा जागेपासून रेकॉर्डिंग सुरू केलं, ॲप उघडलं, प्रोफाइल दाखवलं, नाव आणि फॉलोअर दाखवले, मग रील पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आवाजासकट चालू दिलं. खालचं कॅप्शन 'मोर' दाबून पूर्ण उघडलं, पिन केलेली कमेंट दाखवली, बायोमधली लिंक उघडून ती कुठे जाते तेही दाखवलं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. फाइल फोनमध्ये आणि दुसऱ्या एका ठिकाणी जशीच्या तशी ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते, म्हणून पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रीलची लिंक कॉपी करून तारखेसह वहीत उतरवा. लोक खात्याचं नाव बदलतात. आज 'अमुक भाऊ' तर उद्या 'तमुक ऑफिशियल'. नाव बदललं तरी त्या रीलची स्वतःची लिंक बदलत नाही. स्टोरी तर २४ तासांत उडते. सोन्याच्या योजना आणि प्लॉटच्या ऑफर बहुतेक स्टोरीतच असतात, तेव्हा तिथे ढिलाई नको.

आता लागाबांध्याचा पुरावा. तो शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत.

डिस्काउंट कोड बघा. काकांच्या व्हॉट्सॲप ऑर्डरमध्ये विक्रेत्याने लिहिलं होतं, "भाऊ१० कोड लावला, १० टक्के कमी." चॅनलवाल्याच्या टोपणनावाचाच कोड होता तो. पुढे त्याने लेखी उत्तरात 'माझा कंपनीशी संबंध नाही' असं म्हटलं, तेव्हा त्या एका ओळीने त्याचं उत्तर कापलं.

मेटाच्या ॲड लायब्ररीत खात्याचं किंवा ब्रँडचं नाव टाकून बघा. पैसे देऊन पुढे ढकललेली जाहिरात चालू असेल तोवर ती तिथे दिसते, आणि भागीदारीचं लेबल लावलेल्या पोस्टही वेगळ्या शोधता येतात. यूट्यूबवर 'पेड प्रमोशन आहे' अशी पट्टी सुरुवातीला येते का ते पाहा. काहीच नसेल तर चॅनलवाल्याला साधा, सभ्य मेसेज टाका: "दादा, हा व्हिडिओ पेड आहे का? घ्यायचा विचार आहे." काही जण बिनधास्त 'हो' म्हणतात, काही 'नाही, मी स्वतः वापरतो' म्हणतात. दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची.

वस्तूचं पाकीट, बाटली, बॉक्स, लेबल, उरलेला माल, काहीही फेकू नका. शेतीमालाच्या बाबतीत तर रिकामी पिशवीसुद्धा जपायची, लॉट नंबर तिच्यावरच असतो.

## ३. समोर नेमकं कोण आहे ते शोधा

नोटीस टोपणनावाला जात नाही. नाव आणि पत्ता लागतो, आणि इथेच निम्म्या तक्रारी अडतात.

यूपीआयने पैसे दिले असतील तर ज्याच्या खात्यात गेले त्याचं बँकेतलं नाव व्यवहारात दिसतं, ते टिपा. बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तो टाकून कायदेशीर नाव आणि धंद्याचं ठिकाण बघता येतं, लॉगिन लागत नाही. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नोंदणीकृत पत्ता मिळतो. चॅनलच्या माहितीत धंद्यासाठीचा ईमेल बहुतेकदा असतोच, कारण त्याला कोलॅब हवी असते.

पाकीटबंद मालावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयात करणारा यांचं नाव-पत्ता, एमआरपी, निव्वळ वजन आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. आमच्या बाटलीवर नुसता मोबाइल नंबर होता. पत्ता नसणं हाच वेगळा गुन्हा. त्याची तक्रार वैधमापन शास्त्र (वजन-मापांच्या) कार्यालयाकडे करता येते. वेबसाइटवरून घेतलं असेल तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तिथे तक्रार अधिकाऱ्याचं नाव हवं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार सोडवायची.

## ४. तुम्हाला नक्की काय हवंय?

पैसे परत हवेत, जाहिरात बंद व्हायला हवी, की त्याला दंड व्हायला हवा? तिन्हींची दारं वेगवेगळी आहेत. लोक चुकीच्या दारावर जातात आणि 'काही होत नाही' म्हणत परत येतात.

आणि हो, माल आलाच नाही, 'घरबसल्या पेन पॅकिंग'साठी नोंदणीचे पैसे घेतले, लिंक दाबल्यावर खात्यातून रक्कम गेली, असं असेल तर ही ग्राहक तक्रार नव्हे, ही सायबर फसवणूक. हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच १९३० ला फोन लावा. तिथे जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

## ५. लेखी नोटीस

वकील लावायलाच हवा असं नाही. साध्या मराठीत दोन पानी पत्र पुरतं. कंपनी किंवा विक्रेता आणि इन्फ्लुएन्सर, दोघांना स्वतंत्र पाठवा. त्यात तारीख, रीलची लिंक, शब्दशः दावा, तुम्ही दिलेली रक्कम, काय झालं, काय हवं आणि १५ दिवसांची मुदत.

इन्फ्लुएन्सरच्या नोटिशीत एक प्रश्न ठळक विचारा: हा दावा करण्याआधी तुम्ही काय तपासलं? चाचणी अहवाल असेल तर प्रत द्या, स्वतः वापरलं असेल तर केव्हा आणि कुठे ते लिहा. कारण कायद्याने त्याला सुटायची वाट एकच ठेवलीय, ती म्हणजे दाव्याचा खरेखोटेपणा आपण काळजीपूर्वक पडताळला होता हे दाखवणं. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस ही खऱ्या मतावर आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली हवी. 'तू फसवलंस' या आरोपाला तो शंभर उत्तरं देतो. 'काय तपासलंस?' याला बहुतेकांकडे उत्तर नसतं.

केरळमधल्या त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक मंचापुढे नेमकं हेच झालं. केसवाढीच्या क्रीमची जाहिरात करणाऱ्या अभिनेत्याने जबाबात सांगितलं की आपण ते क्रीम वापरलेलंच नाही, आपण आईने केलेलं तेल लावतो. मंचाने कंपनीला आणि त्यालाही प्रत्येकी १०,००० रुपये दंड केला.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर आरपीएडी (पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट) मागत वाद घालू नका. सोबत ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका.

दोन सापळे. पहिला, नोटिशीत किंवा फोनवर 'पैसे दे नाहीतर आयकरवाल्यांना कळवतो' असं लिहू-बोलू नका. उलट तुमच्यावरच खंडणीची तक्रार होऊ शकते. दुसरा, 'पैसे देतो, आधी तक्रार नाही असं लिहून दे' ही ऑफर. पैसे खात्यात आल्याशिवाय एक अक्षर लिहून देऊ नका.

## ६. फुकटची तीन दारं

१९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि हेल्पलाइन ती कंपनीकडे पाठवते. कंपनी मोठी असेल तर इथेच काम होऊन जातं, कारण बऱ्याच कंपन्या या यंत्रणेशी जोडलेल्या आहेत. गल्लीतला विक्रेता किंवा चॅनलवाला मात्र इथे फारसा हलत नाही, कारण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. तरी नोंदवा. तुम्ही आधी समजुतीने प्रयत्न केला होता, हे पुढे दाखवता येतं.

जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय. ही जाहिरात क्षेत्राची स्वतःचीच संस्था, १९८५ पासूनची. व्हॉट्सॲपवर ७७१००१२३४५ ला लिंक आणि दोन ओळी पाठवल्या तरी चालतं. पैसे परत मिळवून देणं हे यांचं काम नव्हे. जाहिरात बदला किंवा काढा, एवढं ते सांगतात. रीलवर 'जाहिरात' असं लिहिलेलंच नसेल तर ही वाट सगळ्यांत सोपी.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए. खरे दात इथे आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड. शिवाय शिफारस करण्यावर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी. पण प्राधिकरण दिल्लीत बसतं आणि ग्राहकांच्या समूहाला बाधा होते अशी प्रकरणं बघतं. एकट्याच्या बाटलीची तक्रार तिथे हलकी पडते, म्हणून त्याच रीलवरून घेतलेले गावातले आणखी चार-पाच जण गाठा. कमेंटमध्ये ते सापडतातच.

दिल्लीला लिहायला जड जात असेल तर कलम १७ प्रमाणे हीच तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. आवक-जावकला अर्ज द्या, प्रतीवर शिक्का घ्या. जिल्हाधिकाऱ्यांना चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवायचा अधिकार आहे. टेबलावरच्या माणसाला हे कलम ठाऊक असेलच असं नाही, म्हणून अर्जाच्या विषयातच 'ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम १६ व १७ अन्वये' असं लिहा.

## ७. जिल्हा ग्राहक आयोग: पैसे परत मिळवायचं ठिकाण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्हीकडे जिल्हा आयोग आहे. इन्फ्लुएन्सर पुण्याचा आणि कंपनी गुजरातची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सगळ्यांत मोठी सोय.

मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. इथे तुम्ही मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नव्हे. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह जोडावा लागतो.

'तुम्ही ग्राहकच नाही' हा समोरच्याचा पहिला डाव असतो. पुन्हा विकायला घेतलेला माल बाद होतो हे खरं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू चालते. शेतकऱ्याच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे असं स्पष्ट केलंय. काकांच्या प्रकरणात हा मुद्दा निघालाच. निकालाचा उल्लेख आम्ही तक्रारीतच करून ठेवला होता.

शेतीच्या निविष्ठेसाठी (बियाणं, खत, औषध) आणखी एक काम, आणि ते तक्रारीच्या आधी. तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन तक्रार निवारण समितीची पाहणी मागा. पीक उभं असताना पंचनामा झाला पाहिजे. बाग उपटून टाकल्यावर, कापूस वेचून झाल्यावर समिती येऊन काय बघणार? माल सदोष होता हे दाखवायला आयोगाला तज्ज्ञाचा कागद किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, म्हणून एक-दोन सीलबंद बाटल्या न फोडता ठेवा.

दाखल करायची पद्धत: ई-जागृती पोर्टलवर मोबाइल आणि ईमेलने नोंदणी करून कागद पीडीएफमध्ये चढवता येतात, किंवा आयोगात जाऊन प्रत्यक्ष. प्रत्यक्ष देताना आयोगासाठी आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी वेगळा संच करा. सामनेवाला क्रमांक १ विक्रेता, २ उत्पादक, ३ इन्फ्लुएन्सर असा क्रम ठेवा. एकट्या इन्फ्लुएन्सरवर तक्रार करू नका. पैसे विक्रेत्याकडे गेलेत, तोच बाहेर राहिला तर वसुली कुणाकडून करणार?

तक्रारीत नुसती हकीकत नको, साखळी दाखवा: अमुक तारखेला रील, त्यात हा दावा, त्याच कोडने त्यानंतर ऑर्डर, हा यूपीआय व्यवहार, हा परिणाम. मागणी वाजवी ठेवा. मोजलेली रक्कम व्याजासह, नुकसान कागदांनी सिद्ध होईल तेवढं, त्रास आणि खर्च थोडा. तीन हजारांच्या बाटल्यांवर वीस लाख मागितले की तक्रारीचं वजन जातं.

नोटीस बजावल्यापासून सामनेवाल्याला लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय. ४५ दिवस उलटले की 'विना जबाब'चा आदेश मागा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा. व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहायचा अर्ज करता येतो. रावेर-चोपड्याहून दर तारखेला जळगाव गाठण्यापेक्षा ते बरं.

आमचं प्रकरण निकालाआधी तडजोडीत मिटलं. तडजोड लेखी करून आयोगापुढे दाखल करायला लावली, म्हणून शब्द फिरवता आला नाही. निकाल लागला आणि समोरचा पाळत नसेल तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवस.

## सोबत लागणारे कागद

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, राहण्याचा पुरावा
- बिल, नसेल तर यूपीआय किंवा बँक स्टेटमेंट आणि ऑर्डरचं चॅट
- रीलचं स्क्रीन रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर, लिंकची यादी, महत्त्वाच्या क्षणांचे छापील स्क्रीनशॉट
- दाव्याचा शब्दशः उतारा (अहिराणीत असेल तर अहिराणीतच, खाली मराठी अर्थ)
- भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र
- नोटिशीची प्रत, स्पीड पोस्टाची पावती, पोहोचल्याचा पुरावा
- १९१५ चा तक्रार क्रमांक
- शेतीचं असेल तर सातबारा, पीकपेरा, पंचनामा, बागेचे तारखेसह फोटो
- नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र

## ८. विषय वेगळा असेल तर

प्लॉट आणि फ्लॅट: जाहिरातीत महारेराचा (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. 'एनए प्लॉट, बुकिंग सुरू' असं ओरडणाऱ्या रीलमध्ये दोन्ही नसतील तर थेट महारेराकडे कळवा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या युनिटना नोंदणीतून सूट आहे, तेवढं आधी बघा.

शेअर बाजाराचे कोर्स आणि टिप्स: नोंदणी क्रमांक विचारा. गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने, रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच'ने सुरू होतो. सेबीच्या साइटवर पडताळा. 'मी फक्त शिकवतो' म्हणणाऱ्याला चालू भाव दाखवून टिप्स देता येत नाहीत. तीन महिने जुनेच भाव वापरायचे असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं.

शुगर, कॅन्सर, मूतखडा 'बरा' करणारी औषधं: १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचार कायद्याने अशा जाहिरातींवरच बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे.

पैशांचे ऑनलाइन गेम: २०२५ च्या कायद्याने त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केलीय.

## ९. तुम्हीच रील करत असाल तर

हा लेख वाचणाऱ्यांत आपल्याकडचे क्रिएटरही असतील. हजार-दोन हजार फॉलोअरवर बार्टरमध्ये साडी किंवा जेवण घेणारेही यात येतात, फक्त मोठे नव्हेत.

'जाहिरात' हा शब्द रीलवर, डोळ्यांत भरेल असा. पंधरा हॅशटॅगच्या ढिगात 'ॲड' लपवायचं नाही. व्हिडिओत तो लिहायचाही आणि बोलायचाही. लाइव्हमध्ये पूर्णवेळ दिसत ठेवायचा. रील ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. सगळं अहिराणीत बोलून कोपऱ्यात बारीक इंग्रजी टाकलं तर ते धरत नाहीत. एएससीआयच्या नियमात वेळही दिलीय: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ.

दावा कंपनीने लिहून दिला असेल तर त्याचा आधार लेखी मागा: शेतीच्या औषधाला परवाना, खाण्याच्या वस्तूला १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, प्लॉटला महारेरा. हे कागद, कंपनीशी झालेलं चॅट आणि मिळालेल्या पैशाची नोंद किमान दोन वर्षं जपून ठेवा. ग्राहकाला तक्रारीची मुदत तेवढी आहे, आणि त्याचा विलंब माफ झाला तर त्याहून जास्त.